उभ्यानं धुवायची पन्हळ

माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेला तो ऐन कापसाच्या हंगामात. दर्यापूरकडून आलेल्या एका भरल्या गाडीचा आख अमरावतीच्या बाजारातच तडकला. गाडीवानानं यांना बोलावून नेलं. यांनी गाडी टेकूवर चढवली, खाली हात घातला, आणि मागच्या गाडीचे बैल पुढे सरले तसा टेकू निसटला. सगळा भार हातावर आला. हाडवैद्यानं दोन महिने पट्ट्या बांधल्या. शेवटी अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तीन बोटं गेली आणि मनगट वळेनासं झालं.

ही अक्षरं माझ्या नातीची आहेत. मी सांगते, ती लिहिते. माझी बोली तिनं शाळेत शिकवतात तशी सरळ केली आहे, पण माणसं जशी बोलली तशीच राहू दे, एवढं मी तिला बजावलं. आमच्याकडे बाईसुद्धा "मी जातो, मी करतो" असंच म्हणते. नातीला त्याचं हसू येतं. येऊ दे.

आम्ही सुतार. गावाभोवतीच्या परकोटाच्या आत, सराफ्यापासून जवळच आमचं दोन खणांचं घर होतं आणि पुढच्या ओसरीवर कामाची जागा. तेव्हा दूर अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमचाच कापूस हवा होता, हे मला खूप नंतर कळलं. त्या वेळी दिसायचं ते एवढंच की जिकडेतिकडे कापूस आहे आणि कापूस वाहायला गाड्या पुरत नाहीत. ज्यांच्या घरी कधी पितळेचा गडवा नव्हता त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. सराफ्यात दिवसभर हातोडीचा आवाज चालायचा. गाडी करणाऱ्या सुताराला तर उसंत नव्हती. अशा दिवसांत माझा नवरा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

गाड्यांचं काम धाकट्या दिरानं आपल्या अंगणात नेलं. तो वाईट नव्हता. आठवड्याला ज्वारी पाठवायचा. पण ज्वारीचं पोतं आलं की हे त्या दिवशी जेवत नसत. डाव्या हातानं जेवावं लागे, म्हणून ते माझ्यासमोरसुद्धा जेवत नसत. मी ताट ठेवून परसात जायची.

असे चार महिने गेले, आणि एका सकाळी झारेकरीण मावशी आली.

झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर धुऊन त्यातलं सोनं काढणारी माणसं. सोनार घासतो, कापतो, झाळ देऊन जोडतो, तेव्हा सोन्याचा कीस उडतो आणि राखेत, मातीत मिसळतो. तो केर झारेकरी घेऊन जातात, जाळतात, कुटतात आणि लाकडी काठवटीत पाणी घालून गोल गोल हलवत धुतात. हलकं ते पाण्याबरोबर जातं, जड ते तळाशी राहतं. ही मावशी पन्नाशीची, एकटी. तिचा नवरा पटकीनं गेला होता. सराफ्यातल्या पाच-सहा दुकानांचा केर तिच्याकडे होता. तिनं ओसरीवर फुटलेली काठवट ठेवली. मधोमध चीर गेली होती.

"नवी करून दे बापा," ती यांना म्हणाली.

यांनी मान वळवली नाही. "हात नाई रायला मावशी. भावाकडे जाय."

"त्याच्याकडूनच आलो. त्याले गाड्यायतून फुरसत नाई. काठवटीले कोन विचारते आता?"

ती काठवट उचलून उठायला लागली. तिला उठता येईना. गुडघ्यावर हात दाबून, एक पाय पुढे घेऊन, ती कशीबशी उभी राहिली. मी दारात होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या मावशी. मी करतो."

हे तेव्हा वळले. "तू?"

"लाकूड पडलं हाय, हत्यारं पडली हायेत. मी काय पडून राहू?"

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. पण मावशीनं फुटकी काठवट मापासाठी माझ्या हातात दिली आणि ती गेली. आता मागं फिरायला जागाच उरली नाही.

सागाचा एक ओंडका घेऊन मी बसले. वाकस म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार. ते मी रोज पाहिलेलं, उचलून जागेवर ठेवलेलं. चालवलं कधीच नव्हतं. पहिल्या दिवशी लाकडापेक्षा जमीनच जास्त तासली. दुसऱ्या दिवशी पायाच्या अंगठ्याला लागलं. मी चिंधी बांधली आणि पुन्हा बसले. आतून हे ऐकत होते. चांगल्या सुताराला चुकीच्या घावाचा आवाज सोसत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं. तिसऱ्या दिवशी ते उठून ओसरीवर आले आणि माझ्या मागं उभे राहिले.

"मनगटानं मारून राह्यली तू. मनगट ढिलं ठेव. खांद्यातून येऊ दे. वजन त्याचंच हाय, तुले लावा नाई लागत."

मी तसं केलं. पहिली सरळ ढलपी निघाली.

"रेघ पाहून मार. लाकडाच्या रेघेवर उलटं गेली त फाटन."

आठ दिवसांत काठवट झाली. तिची एक कड बोटभर खाली होती. मावशीनं पाणी घालून ती हलवून पाहिली, पाणी एका अंगानं सांडलं. "चालते," ती म्हणाली. मग ती खाली ठेवत म्हणाली, "पन बाई, मले काठवटीचाच कंटाळा आला आता. दुकानायत काम वाढलं, केराची पोती पडून राह्यली, अन् माह्यानं बसवत नाई. उभ्यानं धुता येईन असं काई होत नाई का?"

ती हे सहज बोलली. माझ्या डोक्यातून ते जाईना.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या झोपडीमागं धुण्याचा खड्डा पाहायला गेले. ती उकिडवी बसली होती, घोट्यापर्यंत चिखलात. हातांच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सुटली होती. दिवसभरात एवढीशी राख धुऊन व्हायची. काळी, जड वाळूसारखी चिमूटभर उरायची. त्यात पारा घालून ती घोटायची. पारा सोन्याला धरतो. मग कापडातून पिळून जी गोळी राहायची ती विस्तवावर ठेवून, तोंड फिरवून दूर बसायची. पारा उडाला की खाली सोन्याचा बारीक मणी.

घरी येताना मला माहेरची माळ्यांची वाडी आठवली. बार्शीटाकळीला आमच्या घरामागंच ती होती. मोटेचं पाणी पाटातून वांग्याच्या वाफ्यात जायचं. पाट जिथे वळायचा तिथे वळणाच्या आतल्या बाजूला खडबडीत रेती साठायची आणि मऊ गाळ पुढे वाफ्यात जायचा. माळीण रोज ती रेती खोऱ्यानं काढायची. मला वाटलं, हे तर पाणी स्वतःच निवडून देतं. काठवट हातानं हलवायची कशाला? पाणीच का चालू नये?

मी यांना ते सांगितलं. यांनी चुलीतला कोळसा मागितला आणि डाव्या हातानं ओसरीच्या जमिनीवर एक लांब, वाकडी रेघ ओढली. रेघ वाकडी आली म्हणून पुसली, पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा बरी आली.

"पन्हळ करू," ते म्हणाले. "छपराची असते तशी. चार हात लांब, वीतभर रुंद. वरच्या टोकाले केर अन् पानी टाकायचं. उताराले आडव्या पट्ट्या लावू. जड थे पट्टीमागं बसन, हलकं निघून जाईन."

"कंबरेएवढ्या उंचीवर ठेवू," मी म्हटलं. "उभ्यानं धुवायची हाय."

तीन फळ्या, चार पाय. खिळे महाग होते म्हणून बाभळीच्या खुंट्या मारायच्या. सामत्यानं, म्हणजे दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटानं, भोक पाडताना एकानं दोरी ओढायची आणि एकानं दाबून धरायचं. दाबून धरणं यांना जमलं. दोघांनी मिळून पाडलेलं पहिलं भोक तिरपं गेलं, पण गेलं.

पहिली पन्हळ गळाली. सांध्यांत भरायला कापूस सगळ्यात चांगला, पण त्या वर्षी कापसानं फट बुजवायची माझी छाती झाली नाही. जुन्या धोतराच्या चिंध्या राळेत आणि तेलात भिजवून पटाशीच्या मागच्या अंगानं ठोकल्या. गळणं थांबलं. मग पट्ट्यांचा प्रश्न आला. मी बोटभर उंच पट्ट्या लावल्या होत्या. त्यांच्यामागं पाणी तुंबायचं, चिखल घट्ट बसायचा आणि मग सगळंच त्याच्यावरून घसरत जायचं.

"पन सोनं गेलं का राह्यलं, हे आपल्याले कसं समजन?" मी विचारलं. मावशीचा केर चाचणीसाठी वाया घालवणं बरं नव्हतं.

यांनी विचार केला आणि बंदुकीची एक जुनी शिशाची गोळी कुठूनशी आणवली. गुडघ्यांत गोळी धरून, डाव्या हातात चाकू घेऊन, ती खरवडायला बसले. अर्धा दिवस गेला. बारीक कीस निघाला. "सोनं शिशापेक्षा जड असते," ते म्हणाले. "शिसं राह्यलं त सोनं राहीनच."

आम्ही शिशाचे वीस कण मोजून राखेत कालवले आणि धुतले. पट्ट्यांमागं तीन सापडले. पट्ट्या निम्म्यानं तासल्या, सात सापडले. उतार कमी केला, चिखल तुंबला. जास्त केला, शिसंसुद्धा वाहून गेलं. मग यांनी वरच्या टोकाच्या पायांखाली लाकडाची पाचर दिली, म्हणजे ती आत-बाहेर सरकवली की उतार कमीजास्त करता येईल. ही गोष्ट मला फार आवडली. पण तरी बारापुढे आकडा सरकेना. बारीक कीस पट्टीखालच्या गुळगुळीत फळीवरून सटकून जात होता.

याच दिवसांत दीर आला. ओसरीवर चिखल, पाणी, ढलप्या, आणि मी पदर खोचून करवत चालवत होते. तो खाली बसलासुद्धा नाही.

"वहिनी, हत्यारं देऊन टाका. माह्याकडे चार माणसं कामाले हायेत, हत्यारं पुरत नाईत. इथं लोक हासून राह्यले. बाईनं वाकस धरला म्हनून बिरादरीत मलेच विचारतात."

मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते. मला राग आला तो दिराचा नव्हे, यांच्या गप्प बसण्याचा.

"भाऊजी," मी म्हटलं, "मामंजीनं हे हत्यारं यायले देल्ले. यायचा हात गेला, हत्यारं नाई गेले. ज्वारी पाठवता, तुमचे उपकार हायेत. पन हत्यारं नाई देत मी."

"अन् करता काय त्याचं?"

तेव्हा हे बोलले. "थे करून राह्यली, मी सांगून राह्यलो. दोघं मिळून एक सुतार होतो आमी. तू जाय आता."

दीर गेला. पुढच्या आठवड्यात ज्वारी आली नाही. मी सकाळी दोन घरी दळण दळायला जाऊ लागले आणि दुपारी पन्हळीवर बसू लागले. त्या दिवसानंतर हे माझ्यासमोर जेवायला लागले.

शिसं सटकू नये याचा उपाय मावशीनं काढला. ती आमची चाचणी पाहायला आली होती. थंडीचे दिवस होते आणि तिच्या खांद्यावर जाड, खरखरीत घोंगडी होती. फळीवरून बोट फिरवून ती म्हणाली, "हे त गालासारखं गुळगुळीत केलं तुमी. माह्या घोंगडीले पाहा, एकदा राख लागली की झटकून जात नाई."

तिनं घोंगडीचा कोपरा स्वतःच कापून दिला. तो पट्ट्यांखाली अंथरला, वरून पट्ट्या दाबून बसवल्या. वीसपैकी अठरा. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा अठरा. यांनी घोंगडी उचलून बालदीत झटकली, तळाशी शिसं चमकलं, आणि हे हसले. हात गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पन्हळ मावशीच्या झोपडीमागं मांडली. ती उभी राहून वरून राख घालायची, मी घागरीनं पाणी सोडायची. आठवड्याचं काम एका दिवसात होऊ लागलं. साठलेली सगळी पोती महिन्याभरात संपली. मावशीनं निघालेल्या सोन्यातून आमचा वाटा दिला आणि मी दळण सोडलं. आता आणखी दोन पन्हळी कराव्या, असं आमचं चाललं होतं.

आणि मग केरच बंद झाला. सोन्याचं काम एवढं वाढलं होतं की केरालाही भाव आला. बाहेरगावचा एक ठेकेदार आला, त्यानं सराफ्याच्या पंचांना पैसे भरून सगळ्या दुकानांचा केर एकत्र उचलायचा ठेका घेतला. मावशी दुकानोदुकानी फिरली. वर्षानुवर्षांचे ओळखीचे सोनार, तेही मान खाली घालून म्हणाले, आमच्या हातात नाही. ती परत आली आणि आमच्या ओसरीवर बसली. रडली नाही. फक्त म्हणाली, "आता पन्हळीचं जळन करा."

"जळन कायले?" हे म्हणाले. "दुकानातला केर त्याचा झाला. दुकानाबाहेर गेला थो त त्याचा नाई ना."

मला समजलं नाही. हे समजावू लागले. सराफ्याच्या गल्लीत इतकी वर्षं सोनार ओट्यावर पाणी टाकतात, झाडतात. ते पाणी गटारानं परकोटाखालून बाहेर नाल्याला जातं. म्हणजे सोन्याचा कीसही तिकडेच गेला असणार. पाट आणि वांग्याचा वाफा, तीच गोष्ट. फक्त पाट फार लांब.

मावशीनं मान हलवली. "माह्या नवऱ्यानं पाह्यलं होतं तिथं. गटाराच्या तोंडाशी काई नाई सापडलं."

"तोंडाशी पानी जोरात असते. तिथं कायले थांबन थे? पानी जिथं थकते तिथं पाहा लागन."

उन्हाळा लागला होता आणि नाल्यात पाण्याची नुसती धार उरली होती. पन्हळ तिथे न्यायची तर हलकी हवी, आणि पाणी थोडं लागायला हवं. हे कोळसा घेऊन पुन्हा बसले. नवी पन्हळ तीन हातांची केली, पाय खुंटीवर दुमडणारे. दोन्ही बाजूंना दांडे, म्हणजे डोलीसारखी दोघींनी उचलायची. वर बुरुडाकडून आणलेली बांबूची चाळणी, गोटे अडवायला. खालच्या टोकाशी जमिनीत खड्डा करून त्यात माठ बसवला, गढूळ पाणी त्यात पडायचं, निवळलं की तेच पुन्हा वरून घालायचं. चार घागरींत दिवस निघायचा. या वेळी पट्ट्या यांनी डाव्या हातानं तासल्या. वेळ लागला. पण माझ्यापेक्षा सरळ तासल्या.

आम्ही तिघं सकाळी निघायचो. मी आणि मावशी पन्हळ उचलून, हे कुदळ खांद्यावर टाकून. गटाराच्या तोंडापासून खाली वीस-वीस पावलांवर एक खड्डा. प्रत्येक खड्ड्यातली टोपलीभर रेती काठवटीत धुऊन पाहायची. चमक दिसली तर पन्हळ मांडायची, नाही तर पुढे. पहिल्या खड्ड्यात कोळसा आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे. दुसऱ्यात तेच. पाच दिवसांत नऊ खड्डे झाले आणि एक तांब्याची कडी सोडली तर काहीही निघालं नाही. नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायका विचारायच्या, काय हरवलं वं? मी म्हणायची, डोरलं हरवलं.

दहाव्या खड्ड्याशी नाला वळत होता. वळणाच्या आतल्या अंगाला एक मोठा काळा दगड होता आणि त्याच्या मागं रेतीचा लहानसा ढीग. वरची रेती धुतली, काही नाही. मावशी म्हणाली, चला पुढे. हे हलले नाहीत.

"खाली मुरूम लागेपर्यंत खंदा. जड हाय थे वर कायले बसन?"

मी खणलं. हातभर खाली पिवळा, कडक मुरूम लागला. त्याच्यावर बोटभर जाडीचा काळ्या रेतीचा थर होता. तो मावशीनं हातानं खरवडून काठवटीत घेतला, पाणी घातलं, आणि ती उभ्यानंच हलवू लागली. एकदा पाणी सोडलं, दोनदा सोडलं. मग तिचे हात थांबले. मी वाकून पाहिलं. काळ्या रेतीच्या कडेला हळदीची चिमूट सांडावी तशी बारीक पिवळी रेघ होती. मावशीनं काठवट अलगद खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

त्या दगडामागं आम्ही सतरा दिवस धुतलं. सतराव्या दिवसाच्या आधीच बातमी गावात पसरली होती. एका सकाळी पाहतो तर नाल्यात तीस-चाळीस माणसं, कुदळी, पावडी, घमेली. कुणी म्हणे नाल्यात मोहरा सापडल्या, कुणी म्हणे हंडा. आमचा खड्डा त्यांनी दोन्ही अंगांनी खणून टाकला, काळा दगडसुद्धा उलटवला. एक जण मला म्हणाला, "बाई, तुमी काडलं थे दाखवा." मी पुडीतली चिमूट दाखवली. त्यानं ती पाहिली, बोटानं चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "हे? एवढ्यासाठी?" दोन दिवसांत सगळे कंटाळून गेले. आम्ही उरलेली, त्यांनी उपसून ठेवलेली रेती धुतली. खणण्याचे कष्ट त्यांनी केले होते, तेवढे वाचले.

त्या उन्हाळ्याचं सगळं सोनं पाऱ्यातून काढलं तेव्हा करंगळीच्या नखाएवढा एक मणी झाला आणि त्याहून लहान दुसरा. मोठा मावशीचा, लहान आमचा. श्रीमंत कुणीच झालं नाही. पण त्या लहान मण्यावर आम्ही पावसाळा काढला आणि सागाचं नवं लाकूड घेतलं.

ठेकेदाराचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापसाचा भाव कोसळला. बाजारातल्या गाड्यांच्या रांगा नाहीशा झाल्या. दागिने घडवून घेणारे लोक आता तेच मोडायला आणू लागले. ठेकेदार एक दिवस आला नाही, मग आलाच नाही. सोनारांनी मावशीला बोलावणं पाठवलं. ती गेली, पण आता तिनं केर फक्त तीन दुकानांचा घेतला. "माह्या गुडघ्यायले झेपन तेवढा," ती म्हणाली.

दिराच्या अंगणात अर्ध्या झालेल्या गाड्या तशाच पडून राहिल्या. चार माणसांपैकी एकही उरला नाही. एका दुपारी तो आला आणि या वेळी ओसरीवर बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग पन्हळीकडे बोट दाखवून म्हणाला, "याचे पाय दुमडतात कसे?" यांनी त्याला खुंटी काढून दाखवली. अकोल्याच्या सराफ्यातल्या झारेकऱ्यांनी मावशीकडून ऐकून दोन पन्हळी मागितल्या होत्या. दोन्हींच्या फळ्या दिरानं कापल्या. त्यानं यांचीच करवत घेतली आणि काम झाल्यावर पुसून जागेवर ठेवली.

त्या पन्हळी पोचवायला आम्ही बैलगाडीनं अकोल्याला गेलो, मावशीही आली. तिथे मोर्णा नदी पाहून तिला राहवेना. हिच्या रेतीत असन का, ती म्हणाली. झारेकऱ्यांनी हसून सांगितलं, इथं सोनं कधी कुणी पाहिलं नाही. तरी आम्ही दोघींनी सोबत आणलेली आमची पन्हळ नदीकाठी मांडली. दोन दिवस वळणं शोधली, मुरमापर्यंत खणलं, धुतलं. काळी रेती निघाली, सुंदर, जड, आणि तिच्यात सोन्याचा कणसुद्धा नाही.

"नाई," मावशी म्हणाली आणि काठवट पालथी केली.

मला वाईट वाटलं नाही. नाही हेसुद्धा नीट खणून, नीट धुऊन कळलेलं होतं. झारेकऱ्यांपैकी एकीनं विचारलं, पातूरच्या डोंगरातून ओढे येतात, तिकडे पाहिलं का? मावशी माझ्याकडे पाहू लागली. हे परतायला गाडीला बैल जुंपत होते, एका हातानं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी. त्यांनी आमच्या दोघींची तोंडं पाहिली आणि पन्हळीचे पाय दुमडून ती गाडीत चढवली.

"पातूरवरून जाऊ," ते म्हणाले. "दोन दिवस जास्त लागतीन."